आवाज चढण्याआधी आणि उतरल्यावर

मूल थयथयाट करत असताना आईबापांना मिळणारा सगळ्यात स्वस्त सल्ला म्हणजे ‘तुम्ही शांत राहा’. सल्ला चुकीचा नाही. पण मुलानं दप्तर भिरकावलंय, धाकटीला ओरबाडलंय, समोरच्या काकू दार किलकिलं करून बघताहेत आणि कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेलीय, अशा वेळी शांत राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. जीभ चावायची? आतल्या खोलीत निघून जायचं? की काही झालंच नाही असं दाखवायचं?

ज्यांच्या घरात असे प्रसंग महिन्यातून एखादवेळी नव्हे, तर आठवड्यातून चारपाचदा घडतात, अशा पालकांसाठी हा लेख आहे. मूल साधारण तीन ते बारा वर्षांचं धरलं आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. भडका उडालेला असताना पालकाच्या हातात फार थोडं असतं. त्या पाच-दहा मिनिटांत मूल काही शिकत नाही, त्याला काही पटत नाही. तेव्हा आगीत तेल ओतायचं नाही, एवढंच आपलं काम. बाकीचं सगळं काम त्याच्या आधी आणि नंतर करायचं असतं. ज्यांना ऐन वेळी शांत राहता येतं, त्यांनी बहुतेकदा त्याची तयारी आधीच करून ठेवलेली असते.

दोघंही शिकत असतात

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी जाऊन, आईबाप आणि मुलांमधले रोजचे व्यवहार बारकाईनं टिपून घेतले. १९८२ साली त्यावरचं त्याचं पुस्तक आलं. त्यात दाखवलेलं चक्र आपल्याकडच्या कुठल्याही घरात ओळखू येईल.

रात्रीचं जेवण. आई म्हणते, ‘मोबाइल ठेव.’ मुलगा ऐकत नाही. दुसऱ्यांदा सांगून होतं, तिसऱ्यांदा आवाज चढतो. तो त्याहून मोठ्यानं किंचाळतो, ताट ढकलतो. दिवसभराची दमलेली आई म्हणते, ‘घे बाबा, पण दोन घास खा.’ घर एकदम शांत. मुलगा काय शिकला? किंचाळलं की मोबाइल मिळतो. पण त्याच क्षणी आईही काहीतरी शिकली: मोबाइल दिला की किंचाळणं थांबतं. सुटका दोघांचीही झाली, म्हणून दोघंही उद्या तेच करणार.

दुसऱ्या दिवशी बाबा घरी असतात. ते पाठीत धपाटा घालतात. मूल गप्प होतं. बाबा शिकतात, की धपाट्यानं काम होतं. मूल शिकतं, की राग आलेल्या मोठ्या माणसाला मारायची मुभा असते. ते हे ज्ञान धाकट्या भावंडावर वापरतं. पुढच्या खेपेला कुणीच तळापासून सुरुवात करत नाही. मूल थेट किंचाळण्यापासून सुरू करतं, मोठी माणसं थेट हात उगारण्यापासून.

हे चक्र नीट पाहिलं तर दोन गोष्टी कळतात. यात कुणी खलनायक नाही. आणि साखळी कुठल्याही बाजूनं तोडता येते, पण पहिली संधी मोठ्यांची आहे. भावनेला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. सहा वर्षांच्या मुलाकडे तो लगाम अजून हातात यायचा आहे. आपल्याकडे निदान धरण्यापुरता तरी आहे.

रागाच्या आधी मनात येणारं वाक्य

रविवारी सकाळी दूध सांडलं तर आपण फडकं आणतो. सोमवारी आठ बाराची लोकल पकडायची असताना तेच दूध सांडलं तर घर डोक्यावर घेतो. दूध तेवढंच, मूलही तेच. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती नेमकं हेच सांगते: घटना आणि राग यांच्यामध्ये आपला एक विचार बसलेला असतो. ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या कामातून आनंद नाडकर्णी यांनी हा विचार महाराष्ट्रात घरोघरी नेला. त्रासदायक मुलाच्या पालकाला या पद्धतीचा रोज उपयोग होतो, कारण त्याच्या मनात येणारी वाक्यं ठरलेली असतात.

‘हा मुद्दाम करतो.’ हे वाक्य मनात आलं की पारा हमखास चढतो. रॉस ग्रीन हे अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ अशा मुलांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला सांगतात: मुलाला थांबणं, हरणं, ठरलेला बेत बदलणं, मनातलं शब्दांत सांगणं यांपैकी एखादं कौशल्य अजून जमलेलं नाही. कधीकधी मूल खरंच मुद्दाम डिवचतं, हेही खरं. पण तेव्हाही ते आजवर जे कामी आलं तेच करत असतं. म्हणून वाक्य बदलून घ्या: ‘याला हे अजून जमत नाहीये.’

‘लोक काय म्हणतील?’ बघणाऱ्यांत निम्मे लोक स्वतःच्या मुलांचे असेच प्रसंग आठवत असतात आणि उरलेले दोन मिनिटांत विसरतात. मूल मात्र आपल्याच घरी परत येणार असतं.

‘आत्ताच वळण लावलं नाही तर पुढे हाताबाहेर जाईल.’ वळण रोजच्या शेकडो छोट्या प्रसंगांतून लागतं. आजचा हा एक प्रसंग जिंकला किंवा हरला म्हणून त्याचं आयुष्य ठरत नाही.

‘मला हे सहनच होत नाही.’ इथे म्हणायचं: ‘हे फार त्रासाचं आहे, पण पुढची दहा मिनिटं मी हे सहन करू शकते.’

आपलं नेहमीचं वाक्य कोणतं, ते शोधा. त्याच्या जागी ठेवायचं वाक्य कागदावर लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ऐन वेळी नवं काही सुचत नाही; पाठ झालेलं तेवढं आठवतं.

ऐन भडक्यात काय करायचं

राग डोक्यात जाण्याआधी शरीर खूण करतं. कुणाचा जबडा आवळला जातो, कुणाची कानशिलं तापतात, कुणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागतं. आपली खूण ओळखून ठेवा. ती दिसली की पहिलं काम श्वासाचं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराचा वेग उतरतो. मनात चार अंक मोजत श्वास घ्या, सहा ते आठ अंक मोजत सोडा. असं पाच-सहा वेळा. याचा सराव मात्र राग नसताना करायचा: सिग्नलला थांबलेलं असताना, दूध तापायची वाट बघताना. सराव नसेल तर ऐन वेळी हे आठवणारही नाही.

मग पुढच्या गोष्टी, याच क्रमानं.

१. आधी सुरक्षितता. धाकट्या भावंडाला बाजूला न्या, हाताशी असलेली काच, कात्री, रिमोट उचला. मूल मारत असेल तर त्याचा हात हलकेच अडवा. दाबून धरलं की झटापट वाढते.

२. उंची कमी करा. दोन हात अंतर ठेवून खाली बसा. नजर रोखू नका, बोट नाचवू नका.

३. कमी बोला. ‘तुला खूप राग आलाय. मी इथेच आहे. मारू मात्र देणार नाही.’ एवढं एकदा म्हणून गप्प बसा. ‘का केलंस असं?’ याला उत्तर नसतं. ‘थांब, बाबांना येऊ दे’, ‘होस्टेलला टाकीन’, ‘पोलिसाला बोलावते’ या धमक्या आपण पुऱ्या करणार नसतो आणि मुलाला ते ठाऊक असतं.

४. हात उगारला जाईल असं वाटलं तर स्वतः बाजूला व्हा. मूल सुरक्षित असेल किंवा दुसरं मोठं माणूस जवळ असेल तर सांगून जा: ‘मला राग आलाय. मी गॅलरीत जाऊन दोन मिनिटांत येते.’ आणि दोन मिनिटांत खरंच परत या. न सांगता निघून गेलं की मुलाच्या रागात भीतीची भर पडते.

५. वाट बघा. लहान मुलांच्या थयथयाटावर मायकेल पोटेगल या संशोधकानं बरंच काम केलं आहे. राग सुरुवातीलाच शिगेला पोहोचून ओसरू लागतो, दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत असतं, असं त्यात दिसलं. म्हणून लाथा झाडणं चालू असताना जवळ घेणं, समजावणं वाया जातं. किंचाळण्याची जागा हुंदक्यांनी घेतली, की मांडी आणि पेलाभर पाणी चालतं.

या सगळ्यात मुलाच्या मागणीचं काय? जी गोष्ट आधी नाकारली, ती थयथयाटामुळे द्यायची नाही. आणि जी देणारच होतो, ती निव्वळ राग म्हणून अडवायची नाही.

बाहेर आणि चार माणसांत

लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीत किंवा मॉलच्या रांगेत हेच घडलं की आपण मुलापेक्षा बघणाऱ्यांकडे जास्त लक्ष देतो. जमलं तर जागा बदला: जिना, पार्किंग, हॉलचं मागचं दार. एसटीत जागा बदलता येत नाही, तेव्हा शेजाऱ्याला एकच वाक्य सांगा: ‘दमलाय तो, होईल शांत.’ खुलासे देत बसू नका. मोठ्या समारंभाला जाण्याआधी दोघांत ठरवून ठेवा, की वेळ आली तर मुलाला घेऊन बाहेर कोण जाणार आणि लवकर निघावं लागलं तर कोण निघणार.

घरात आजीआजोबा असतील तर एकाच वेळी तिघं तीन गोष्टी सांगतात. एक रागावतो, दुसरा चॉकलेट देतो, तिसरा ‘आमच्या वेळी नुसत्या नजरेनं गप्प बसायचो’ म्हणतो. हे प्रसंग चालू असताना मिटत नाही. सगळं शांत असताना ठरवा: भडका उडाला की एकानंच बोलायचं. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही मध्ये पडू नका’ असं सांगितलं तर वाईट वाटतं. त्यापेक्षा काम सोपवा. ‘आई, तो रडायला लागला की तुम्ही धाकटीला तेवढं खाली घेऊन जा, मला फार मदत होईल.’

खरी तयारी: एक वही

दोन आठवडे एक साधी वही ठेवा. तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. शेजारी वार, वेळ आणि भडका किती मिनिटं टिकला तेही लिहा. मुलाबद्दल मत नोंदवू नका. ‘हट्टीपणा केला’ यापेक्षा ‘टीव्ही बंद केल्यावर उशी फेकली’ असं लिहा. दोन आठवड्यांत बहुतेक घरांना दिसतं, की हे सगळं कुठेही, कधीही होत नाही. शाळेची व्हॅन आल्यावरचा अर्धा तास, स्क्रीन बंद करण्याची वेळ, लेखनाचा गृहपाठ, मैदानावरून घरी निघणं अशा तीनचार जागांभोवती ते फिरतं. कारण दिसलं की उपाय पुष्कळदा साधा असतो.

भूक. शाळेतून आल्या आल्या ‘डबा का नाही संपवलास? गृहपाठ काय आहे?’ असे प्रश्न नकोत. आधी खायला, मग प्रश्न.

झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. आपल्याकडे जेवायला साडेनऊ, झोपायला साडेअकरा आणि सकाळी साडेसहाला व्हॅन. म्हणजे उठण्यात वेळ जाण्याआधीच सात तास उरले. अशा मुलाच्या वागण्यावर दुसरा कुठलाही उपाय करण्याआधी रात्रीचं जेवण तासभर अलीकडे आणून बघा.

एका गोष्टीतून दुसरीत जाणं. ‘बस झालं, बंद कर!’ हे मुलाला मध्येच तोडल्यासारखं वाटतं. ‘हा भाग संपला की बंद’ असं आधी सांगा आणि बटण त्यालाच दाबू द्या. मैदानावर ‘अजून तीन वेळा घसरगुंडी, मग निघायचं’ हे ‘पाच मिनिटांत निघू’पेक्षा लहान मुलाला जास्त कळतं.

सांगण्याची रीत. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं मुलाच्या कानात शिरत नाही. जवळ जा, नाव घ्या, एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘पळू नकोस’ऐवजी ‘माझा हात धर’. ‘अभ्यासाला बसतोस का?’ असं विचारलं की ‘नाही’ हे रीतसर उत्तर असतं. ‘आधी गणित की आधी मराठी?’ असं विचारलं तर अभ्यास ठरलेला राहतो आणि निवड त्याची होते.

कौतुक. त्रास देणाऱ्या मुलाशी दिवसभरात होणारं बोलणं बहुतेक रागावण्याचंच असतं. जे हवं आहे ते घडलं की लगेच, नेमकं सांगा: ‘हरलास तरी पट उधळला नाहीस. पाहिलं मी.’ नुसतं ‘गुड बॉय’ म्हणण्यात त्याला काय जमलं ते कळत नाही. शिवाय रोज दहा मिनिटं त्याच्या आवडीचा खेळ त्याच्या पद्धतीनं खेळा. त्यात शिकवणं नाही, सुधारणं नाही, मोबाइल नाही. आदल्या दिवशी भांडण झालं म्हणून ही दहा मिनिटं रद्द करायची नाहीत.

नियम. मारायचं नाही, फेकायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही असे तीनचारच नियम ठेवा आणि तेच नेटानं पाळा. कुठला शर्ट, कोशिंबीर खाल्ली की नाही, केस विंचरले की नाही, या लढाया काही महिने सोडून द्या. रोजच्या दहा नकारांतले सहा कमी झाले की उरलेल्या चारांना वजन येतं.

एक इशारा. तुम्ही किंचाळण्यापुढे नमणं थांबवलंत, की किंचाळणं आधी वाढतं. जो उपाय इतके दिवस चालला, तो मूल जास्त जोरानं वापरून बघतं. हे अपेक्षित आहे; पद्धत फसली असं समजू नका. पण चौथ्या दिवशी दमून हार मानलीत तर ‘जास्त वेळ ओरडावं लागतं’ एवढंच ते शिकतं. म्हणून नवा नियम परीक्षेच्या आठवड्यात, गणपतीत पाहुणे असताना किंवा घरी आजारपण असताना सुरू करू नका. आणि आपल्याच्यानं पाळवला जाणार नाही असा नियम मुळात करूच नका.

नंतरचं बोलणं

वादळ ओसरल्यावर लगेच प्रवचन सुरू करायचा मोह होतो. तो आवरा. रात्री अंथरुणावर किंवा दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं पुरतात. ‘काल टीव्ही बंद केल्यावर तुला फार राग आला. काय अवघड गेलं?’ उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर राहू द्या. पुढच्या वेळी काय करता येईल, हे त्याला सुचवू द्या. मुलानं सुचवलेला साधा उपाय आपल्या उत्तम उपायापेक्षा जास्त टिकतो.

केलेल्या गोष्टीचा परिणाम त्या गोष्टीशी जोडलेला असावा. फेकलेली पुस्तकं दोघांनी मिळून उचलायची, फाटलेलं पान चिकटवायचं, बहिणीला लागलं असेल तर बर्फ त्यानं आणून द्यायचा. आज ताट ढकललं म्हणून पंधरा दिवसांनंतरच्या वाढदिवसाला जायचं नाही, अशी शिक्षा लहान मुलाच्या डोक्यात त्या ताटाशी जुळत नाही.

आणि आपण ओरडलो असलो तर? ते दुरुस्त करता येतं, आणि करावंही. ‘मी तुझ्यावर किंचाळले, ते चुकलं. जेवताना मोबाइल नाही, हा नियम मात्र तसाच आहे.’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवायची. अपराधी वाटून नियमच मागे घेतला तर चक्र पुन्हा सुरू होतं. माफी मागितल्यानं पालकाचा मान कमी होत नाही. चुकल्यावर काय करायचं, ते मुलाला समोर बघायला मिळतं.

मदत कधी घ्यायची

काही मुलांचं वागणं निव्वळ शिस्तीचा प्रश्न नसतं. कानानं कमी ऐकू येणं, नजर कमी असणं, रक्तातलं लोह कमी असणं, वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे रात्री घोरणं आणि तुटक झोप, अशा गोष्टींनीही मूल चिडचिडं होतं. म्हणून पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, शाळेतून वारंवार बोलावणं येत असेल, बोलणं वयाच्या मानानं मागे असेल, लिहिणं-वाचणं आलं की रडारड होत असेल किंवा शिकलेल्या गोष्टी विसरत चालल्या असतील, तर थांबू नका. स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता किंवा चिंता यांचा शोध बालमानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ घेतात.

खर्चाच्या भीतीनं थांबलेल्यांसाठी सरकारी वाटही आहे. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. मुंबईत शीव आणि नायर या पालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेतल्या सवलतींचा रस्ता खुला होतो.

पालकानं स्वतःसाठी मदत मागणंही तितकंच गरजेचं आहे. झोप उडाली असेल, रोज रडू येत असेल, मुलाला इजा होईल इतका राग येत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. आणि घरातला हा सगळा भार एकट्या आईवर असेल, तर वर सांगितलेल्या उपायांपैकी निम्मे लंगडे पडतील. बाबांनी संध्याकाळचा एक ठरलेला तास पूर्णपणे आपल्याकडे घेणं, हा श्वासाच्या व्यायामापेक्षाही परिणामकारक उपाय आहे.

सहा-आठ आठवड्यांनी वही पुन्हा दोन आठवडे लिहा आणि ताडून बघा. भडके पूर्ण थांबले का, हा प्रश्न विचारू नका. ते आठवड्याला किती होतात, किती मिनिटं टिकतात आणि त्यानंतर घर किती वेळात पूर्वपदावर येतं, हे तीन आकडे बघा. त्यांतला एक जरी उतरला असेल तर उपाय बदलू नका, तेच चालू ठेवा. तिन्ही जागच्या जागी असतील तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते जे पहिले दहा प्रश्न विचारतील, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिच्यात आधीच लिहिलेली असतील.